न्हाणीत उघडलेला कॅमेरा

आधी आक्कांचं सांगते. त्या नसत्या तर पुढचं काही सांगायला माझ्याकडे उरलंच नसतं. आक्का म्हणजे आमच्या गल्लीत पिठाची गिरणी चालवणारी बाई. सकाळी गिरणी सुरू झाली की अर्ध्या तासात त्यांच्या भुवया पांढऱ्या होतात, दुपारपर्यंत पापण्या, आणि संध्याकाळी घरी जाताना गल्लीतली पोरं त्यांना बघून दारामागे लपतात. माझा कॅमेरा आतून साफ करायची वेळ आली तेव्हा वालूरपासून सेलूपर्यंत ज्या ज्या शहाण्यांची नावं निघाली, त्यात आक्कांचं नाव कुणी घेतलं नाही. मीही नाही. उलट दळण न्यायच्या दिवशी मी कॅमेऱ्याला हातसुद्धा लावत नसे. ह्या बाईच्या अंगावरचं पीठ माझ्या पदराला लागून घरी येईल, एवढी भीती. त्या बाईंनीच माझी अब्रू राखली, म्हणून पहिलं त्यांचं.

मी मूळची खाडीकाठची. आठवी निम्मी झाली आणि शाळा सुटली. का सुटली ते सांगण्यासारखं नाही, सगळ्यांची सुटते तशीच सुटली. नवरा आमच्याकडे पुलाच्या कामावर होता. लग्न झालं, त्याने मला वालूरला आणून ठेवलं आणि स्वतः पुन्हा पुलांच्या मागे निघून गेला. दोन-तीन महिन्यांनी येतो. घरात धाकटे दीर, त्यांची बायको आणि मी.

कॅमेरा माझ्या भावाचा. तो किनाऱ्यावर पर्यटकांचे फोटो काढतो. त्याने नवा घेतला तेव्हा जुना मला दिला, दोन लेन्ससकट. मी त्यावर शिकले. वालूरमध्ये बायकांच्या खोलीत चालणारी कामं पुष्कळ असतात. हळद, डोहाळजेवण, बारसं. तिथे पुरुष फोटोवाला आला की सगळ्या पदर सावरून पुतळ्यासारख्या बसतात. मी गेले की हसतात. दोन वर्षांत मला बोलावणी यायला लागली. त्याआधी गावात माझं नाव 'कोकणीण' होतं. मग 'कॅमेरावाली' झालं. एवढ्या एका शब्दासाठी मी काय काय सांभाळत होते ते माझं मला माहीत.

आणि सांभाळायचं कशापासून, तर ह्या परभणी जिल्ह्याच्या धुळीपासून. हिच्याइतकी निर्लज्ज गोष्ट मी आयुष्यात पाहिली नाही. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीला बुरशी येते, पण ती निदान महिनाभर विचार करून येते. इथे सकाळी पुसलेल्या फळीवर दुपारी बोटाने नाव लिहावं. फाल्गुनात हरभऱ्याची मळणी सुरू झाली की मळणीयंत्राचं भुसकट गावावर असं फिरतं की जणू त्याचंच गाव आहे. आणि माणसांना त्याचं काही नाही. पाहुणा आला की खुर्चीवर गमज्याचा एक फटका मारतात, ती सगळी धूळ पाहुण्याच्या तोंडावर जाते, आणि म्हणतात, बसा.

भावाने मला देताना दोन गोष्टी बजावल्या होत्या. कॅमेरा बंद डब्यात ठेवायचा, आणि डब्यात तांदळाची पुरचुंडी ठेवायची. तांदूळ ओल ओढून घेतो. त्याने स्वतः घरचा लाल तांदूळ मलमलच्या फडक्यात बांधून दिला होता. मी तो तसाच ठेवला. इथे ओल म्हणून नाही, हातपाय तडकतात अशी कोरडी हवा. पण घरून आलेली गोष्ट काढून टाकायची म्हणजे काहीतरी वाईट होईल असं मला वाटायचं. शिवाय मी स्वतःची एक जास्तीची युक्ती केली होती. लेन्स बदलताना कॅमेरा उघडा पडतो, तेवढ्यात बाहेरची धूळ आत जाऊ नये म्हणून मी दोन्ही हात डब्यात घालून, कॅमेरा त्या पुरचुंडीवर टेकवूनच लेन्स बदलत असे. ह्या युक्तीचा मला फार अभिमान होता.

डाग पहिल्यांदा दिसला तो एका बारशात. पाळण्याच्या वर पांढरी भिंत होती, तिच्यावर तिळाएवढा काळा ठिपका. पुढच्या फोटोत तो बाळाच्या कपाळावर. त्याच्या पुढच्यात आत्याच्या हनुवटीवर. बाळाच्या आत्याने लॅपटॉपवर फोटो बघितले आणि म्हणाली, "वहिनी, आमच्या बाळाला तीट तुमच्या कॅमेऱ्यानंच लावली की. मला कशाला लावली पण, माझं लग्न होऊन पंधरा वर्षं झाली." सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि घरी येऊन जेवले नाही.

लेन्स बदलून बघितली. डाग त्याच जागी. म्हणजे काचेवर नाही, आत. जिथे चित्र उमटतं त्या पाटीवर काहीतरी बसलं होतं.

हे मी भाऊजींना सांगायला नको होतं. आमचे भाऊजी म्हणजे दोन मिनिटांचा व्हिडिओ बघून विहीर खोदायला सांगतील असा माणूस. ते उठले, देवघरातून वातीचा कापूस घेऊन आले आणि पुढच्या लेन्सवर घसाघसा फिरवायला लागले.

"भाऊजी, डाग आत आहे. बाहेरून पुसून काय होणार?"

"वहिनी, हा घरचा कापूस हाय. बाजारचा न्हाई. ह्यानं डोळ्यातलं कुसळ निघतंय."

ह्या लोकांना कापसापलीकडे औषध माहीत नाही. कान दुखला की कापूस, बोट कापलं की कापूस, अत्तर लावायचं तरी कानात कापूस. भाऊजींनी हात काढला तेव्हा काचेवर चार पांढरे तंतू होते आणि त्यांच्या तोंडावर उपकार केल्याचं समाधान. डाग जिथल्या तिथे.

मग मी सेलूला गेले, एका फोटो स्टुडिओत. आधीच सांगते, त्या माणसाबद्दल माझ्या तोंडून बरं काही येणार नाही. दुकान हमरस्त्यावर, दार सताड उघडं, समोरून ट्रॅक्टर चाललेले. मागच्या भिंतीवर बर्फाच्या डोंगराचा पडदा, आणि त्या बर्फावर बोटभर धूळ. मी तेव्हाच उठायला हवं होतं. पण माझ्यासारखीला खुर्चीत बसलेल्या माणसाचा धाक वाटतो. त्याने कॅमेरा घेतला, डोक्यावर पंखा गरगरत असताना लेन्स काढून बाजूला ठेवली, बटणं दाबून आतला आरसा वर केला, आणि तोंडातला गुटखा एका गालात सारून आत फुंकर मारली. जोरात. दोनदा.

"झालं, ताई."

त्याच्याच स्क्रीनवर बघितलं. एकाचे चार डाग झाले होते. त्यातला एक तपकिरी.

"हं," तो म्हणाला. "आतलं सेन्सर गेलंय. पुण्याला पाठवावं लागंल. तसं बी ही वस्तू नाजूक असती, ताई. तुमी आपलं मोबाइल वापरत जा."

हे त्याने सुपारी चघळत सांगितलं. ज्या तोंडाने माझा कॅमेरा नासवला त्याच तोंडाने. आणि मी त्याला काय म्हणाले? "बरं, दादा." एवढंच. बसमध्ये मात्र वालूर येईपर्यंत त्याला मनात उत्तरं देत आले.

तो दिवस मंगळवार. रविवारी गावातल्या कापडदुकानदाराच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. त्याचं बोलावणं मला महिनाभर आधीच आलं होतं. अख्खं गाव जमणार. भाऊजी ओसरीवर बसून म्हणाले, "हे बघा वहिनी, लोकाच्या शुभकामात डाग पाडायचे न्हाईत. रविवारी डाग आला की सोमवारी मी हे परभणीला नेतो आन् इकून टाकतो. लय झालं." नवऱ्याला फोन लावला, तर तो पुलावरच्या गडबडीत म्हणाला, "तो म्हणतो तसं कर." फोन ठेवल्यावर मी डबा उघडून बघितला, कॅमेरा आहे ना. मग कडी लावली. मग पुन्हा उघडून बघितलं. बुधवारभर हेच चाललं होतं.

गुरुवारी ज्वारी दळायला गिरणीत गेले. निम्मं दळण झालं आणि लाइट गेली. पट्टा फटफटत थांबला. आक्का धान्याच्या पोत्यावर टेकल्या. गिरणी थांबली तरी पीठ हवेत तरंगतच होतं, झरोक्यातून आलेल्या उन्हात दिसत होतं. आक्कांचं सगळं अंग पांढरं, पण चष्मा लख्ख. इतक्या वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"आक्का, तुमचा चष्मा इतका स्वच्छ कसा?"

"पुसत न्हाई म्हणून."

मला वाटलं चेष्टा करतात. त्यांनी चष्मा काढला, उलटा धरला आणि बोटाने काडीवर दोन टिचक्या मारल्या. पीठ खाली पडलं. मग कोपऱ्यातल्या तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं, आणि मग ओलेपणीच एका झिजलेल्या फडक्याने टिपला.

"कोरडं पुसलं की काच खरवडती. आधी पडंल ते पडू द्यायचं. उरंल त्याचं मग बघायचं. तुझं तोंड का उतरलंय? कॅमेऱ्याचं ऐकलंय मी. सेलूचा त्यो थुंकला म्हण त्याच्यात."

गावात बातमी माझ्याआधी पोचली होती.

"फुंकर मारली."

"एकच की. गुटख्याचा माणूस फुंकंल काय आन् थुंकंल काय." त्यांनी चष्मा लावला. "लाइट काय तीन वाजंस्तोवर येत न्हाई. आण जा तुझं ते. हितं न्हाई, माझ्या घरी. न्हाणीत."

मी गेले, कारण दुसऱ्या कुणी बोलावलं नव्हतं. पण सगळा वेळ मनात तेच: गिरणीवाली, आणि ती काय साफ करणार.

आक्कांची न्हाणी घराच्या मागे, तिन्ही बाजूंनी बंद, वर हातभर झरोका. मी पोचले तोपर्यंत त्यांनी आंघोळ करून डोक्याला ओला पंचा गुंडाळला होता. मला बघून म्हणाल्या, "ही सुती साडी सोड. माझी ती झुळझुळीत नेस. सुताची किती कुसं उडतात माहीत हाय का तुला? आन् केस बांध. बांगड्या धू." मग त्यांनी भिंतींवर हाताने पाणी मारलं, अंगणात सडा टाकतात तसं, फरशीवर मारलं, दारावर ओलं पोतं टांगलं आणि आम्ही दोघी आत पाटांवर बसलो. नुसत्या.

"आता काय?"

"आता गप बसायचं. हवंतलं खाली बसू दे. मी गिरणी झाडते तवा आधी चहा पिते, मग झाडते. लोक मला आळशी म्हणतात."

ओल्या भिंतींचा वास आला आणि मला एकदम आमच्या घरची पडवी आठवली. पाऊणएक तास तरी बसलो असू. मला वाटत होतं तीन वाजतील, लाइट येईल, ह्या उठून जातील. शेवटी त्या म्हणाल्या, "हं, काढ."

मी डबा मांडीवर घेतला, झाकण काढलं आणि सवयीने दोन्ही हात आत घालून लेन्स फिरवायला लागले.

"थांब. डब्यात का उघडायलीस?"

"मी नेहमी आतच उघडते. बाहेर धूळ असते ना."

आक्कांनी मला कॅमेरा बाहेर काढायला लावलं आणि डबा झरोक्याकडे तिरका धरला. तळाच्या कोपऱ्यात बारीक भुकटी जमली होती. त्यांनी ती चिमटीत घेतली, बोटांवर चोळली.

"आमची माती कसली असती?"

"काळी."

"ही तांबूस हाय." त्यांनी ती नाकाशी नेली, आणि मग जिभेच्या टोकाला लावली. "कोंडा हाय हा, बाई. तांदळाचा. हातसडीचा लाल. ह्या फडक्यात काय बांधलंय?"

मी पुरचुंडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डब्यावर धरून एकदा हलवली. मलमलीतून तांबूस धूर पडावा तसा कोंडा खाली आला. पिठाच्या चाळणीपेक्षा बारीक.

इतकी वर्षं मी ह्या गावाच्या धुळीला शिव्या दिल्या, खिडक्या लावल्या, कुणाच्या गमज्याकडे बघून नाक मुरडलं, आणि लेन्स बदलायची तेव्हा कॅमेरा उघडा करून नेमका त्या कोंड्यावर धरला. भाऊजींच्या मोटारसायकलवर डबा हिंदकळला की आतल्या आत चाळला जात होता. भाऊजी मूर्ख, तो स्टुडिओवाला मूर्ख, पण पहिला डाग मी घातला होता, आणि तोही घरून आणलेल्या वस्तूने, अभिमानाने.

"रडू नको," आक्का म्हणाल्या. "ओल वाढती."

भावाने कॅमेऱ्याबरोबर हवा मारायचा रबरी फुगाही दिला होता. तो मी कधी वापरला नव्हता, पण तोही डब्यातच, त्याच कोंड्यात पडून असे. आक्कांनी तो ओल्या पोत्याबाहेर नेऊन दहा-बारा वेळा दाबला. "आधी ह्याचं पोट रिकामं होऊ दे." मग मी आतला आरसा वर घेतला आणि उघडा कॅमेरा तोंड खाली करून दोन्ही हातांनी डोक्याच्या उंचीवर धरला. आक्का खाली उकिडव्या बसल्या आणि खालून फुगा दाबू लागल्या. आत टोक न घालता, लांबूनच.

"खाली पडू दे म्हणायचं," त्या खालून म्हणाल्या. "वर फुकलं की तिथल्या तिथं नाचतंय."

लेन्स बसवली, दारात येऊन मोकळ्या आकाशाचा फोटो काढला, मोठा करून बघितला. चारपैकी दोन गेले. पुन्हा आत, पुन्हा पाणी, पुन्हा गप्प बसणं. दुसऱ्या खेपेला तिसराही गेला. राहिला तो तपकिरी, वरच्या डाव्या कोपऱ्यात. मला राहवेना. मी पदराच्या टोकाला गाठ मारली, आत घालून नुसता टिपते म्हटलं.

आक्कांनी माझं मनगट धरलं. "ते चिकट हाय. त्या मेल्याच्या सुपारीचं. ते फुकून जायचं न्हाई आन् पुसशील तर काच जाईल. ऱ्हाऊ दे. कोपऱ्यातच हाय ना?"

"हो."

"मग कोपऱ्यात काय दिसतंय ते तू ठरव की. फोटो तू काढतीस का तो डाग काढतोय?"

तेवढ्यात लाइट आली. आक्का साडी बदलून गिरणीकडे निघाल्या, कारण माझंच निम्मं दळण राहिलं होतं.

शुक्रवारी मी दुकानदाराच्या घरी जाऊन बसायची जागा बघून आले. पांढऱ्या भिंतीपुढे चौरंग मांडणार होते. मी म्हटलं, इथे नको, त्या काळ्या शिसवी कपाटापुढे मांडा, हिरवी साडी उठून दिसेल. सासूबाईंना पटलं. रविवारी सगळे फोटो असेच काढले. वरचा डावा कोपरा कधी कपाटावर, कधी कुणाच्या अंबाड्यावर, कधी काळ्या चंद्रकळेवर. ओटी भरताना सून खळखळून हसली, तो फोटो तर असा आला की दुकानदारीण दोनदा डोळ्यांना पदर लावून बघत होती. माझं सगळं लक्ष मात्र कोपऱ्यात.

संध्याकाळी भाऊजींनी लॅपटॉप पुढे ओढला. एकेक फोटो मोठा करून, नाक लावून बघितला. शंभरावर फोटो होते. डोळे चोळले, पुन्हा पहिल्यापासून बघितले.

"कुठंय डाग?"

"नाही ना दिसत?"

त्यांनी लॅपटॉप मिटला. मग पाय पसरून म्हणाले, "म्हणलं न्हवतं मी? घरचा कापूस. जरा वेळ लागतो, पर गुण येतो." आणि बायकोला हाक मारून चहा सांगितला.

अशा माणसाला खरं सांगणं म्हणजे खरं वाया घालवणं. कॅमेरा सोमवारी परभणीला गेला नाही, मला तेवढं पुरे होतं. तो तपकिरी डाग अजून आहे. रोज बघते. त्या सेलूच्या माणसाची आठवण म्हणून बरा आहे.

पुरचुंडी मी सोडली आणि तांदूळ चिमण्यांना टाकला. लेन्स आता आक्कांच्या न्हाणीतच बदलते, सडा मारून, गप्प बसून. मी आक्कांना म्हटलं होतं, तुमचा एक चांगला फोटो काढते. त्यांनी हात झटकला. "भूत कुणी भिंतीवर लावतंय का?" बाकी काही घ्यायलाही तयार नाहीत. फक्त एकदा दळण तोलताना त्यांनी विचारलं होतं, की तो तुमचा लाल तांदूळ, त्याचं पीठ कसं करतात. मी म्हटलं, पीठ नाही करत, त्याची पेज करतात, नुसता शिजवायचा. त्यांचा हात तराजूवरच थांबला. "नुसता शिजवायचा," म्हणाल्या, आणि पुन्हा गिरणीच्या तोंडात धान्य ओतायला लागल्या.

चार वर्षांत मी घरी गेलेली नाही. ज्या वर्षी जाईन त्या वर्षी येताना नव्या तांदळाची गोणी घेऊन येईन, पाखडून, धुऊन, कोंड्याचा कण न ठेवता. आक्कांना गिरणी बंद ठेवायला लावीन, त्यांच्याच चुलीवर मोठं पातेलं चढवीन, आणि ज्याचा एक दाणाही दळावा लागला नाही असं जेवण त्यांना बसून वाढीन. एवढं मी त्यांचं देणं लागते. कधी फेडीन ते सांगता येत नाही, पण फेडीन.